कोंड्याखालचा बर्फ

कापगते सरांची नोकरी अठ्ठावीस वर्षांची,
त्यातली बावीस तासिका तत्त्वावर.
म्हणजे दिवाळीला पगार नाही, उन्हाळ्यात तर नाहीच,
आणि शिकवायचं काय, तर बर्फावरची हॉकी,
साकोलीत, जिथं मे महिन्यात
नळाचं पाणीही हात भाजतं.

प्राचार्य म्हणाले, आधी बर्फ तर दाखवा.
सर म्हणाले, दाखवतो.

नेलं आम्हाला बर्फाच्या कारखान्यात,
जिथून माझा बाप सायकलवर लादी आणायचा
तलावाच्या मासोळीसाठी, धानाच्या कोंड्यात गुंडाळून.
चपला बाहेर काढायला लावल्या.
बारा पोट्टे, तीन पोट्ट्या, एकेका लादीवर उभे,
तळपाय आधी जळले, मग हरवले.
"राहा उभे. पायाले आठवन राहाले पाह्यजे."

सराव राईस मिलच्या ओट्यावर,
साडेचार ते सहा. सहाला बाया यायच्या
धान पसरवायला, खराटे घेऊन,
आणि खेळ जिथं असेल तिथं संपायचा.
चाकांचे बूट सात जोड्या. पाय पंधरा जोड्या.
चेंडूऐवजी पॉलिशची डबी, आत डांबर ओतलेलं.
मी गोलकीपर, कारण मला पळता येत नव्हतं.
माझ्या पायांना पोती बांधलेली,
पोत्यांत कोंडा. वाटायचं,
मीच बापाच्या सायकलवरची लादी आहे.

"गुडघे मीट बे टेकराम!
त्यातून बंडी जाईल बैलासकट."

एकदाच गेलो. तीन रात्री गाडीत,
पुढं बस, पुढं उलट्या, पुढं ते गोठलेलं तळं.
त्यावर कोंडा नव्हता.
पहिली दहा मिनिटं आमच्यातलं कुणी उभंच राहिलं नाही.
चाकं एक सांगतात, पातं दुसरंच.
पायल हटवार आडवी पडली ती पडूनच राहिली,
बर्फाला कान लावून.
म्हणाली, सर, खाली मासोळ्या असतील?
सरांनी खेळ थांबवला नाही, पण खाली पाहिलं.

चौदा शून्य.
परतीच्या गाडीत, इटारसीच्या आसपास,
सरांनी वही काढली आणि लिहिलं:
टेकराम, सदतीस अडवले.
दुसरं काही लिहिलं नाही.
तारीखसुद्धा नाही.

तेविसाव्या वर्षी कायम झाले,
क्रीडा विभागात नाही, ग्रंथालयात.
काठ्या कपाटाच्या वर गेल्या. बुटांची चाकं
कुणीतरी सिलेंडरच्या गाडीला लावली.
नवीन पोरांना ते फक्त पुस्तकाचा दंड घेणारे सर.

निरोपाला शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ.
अध्यक्ष बोलले, सरांनी या मागास भागात
आइस्क्रीमचं प्रशिक्षण दिलं.
सभागृह हसलं. सर सगळ्यांत जास्त हसले,
मग शालीची घडी घालायला लागले,
घातली, मोडली, परत घातली.

आता मी बसतो बाजारात, बापाच्या जागी.
परवा आले पिशवी घेऊन.
रोहू आहे का, पाव किलो झिंगे, भाव कमी कर.
बोलता बोलता लादीचा एक तुकडा
घसरून ओल्या फरशीवर पडला.
त्यांनी चपलेच्या टोकानं
उगाच टोलवला माझ्याकडं.

मी पाहिलंसुद्धा नाही.
हातात कोयता, समोर गिऱ्हाईक,
आणि खाली टपकन
गुडघे मिटले.

शेजारची सायत्राबाई ओरडली,
"बर्फ कायले तुडवतेस रे?"
सरांनी झिंग्यांचे पैसे मोजले,
सुटे नव्हते,
दहा रुपये उद्यावर राहिले.